बाईंचा ऑपरेटर

लग्नात सासऱ्यांनी मला एक घड्याळ दिलं, एक अंगठी दिली आणि नकळत जिल्हा परिषदेची एक शाळा दिली. घड्याळ बंद पडलं. अंगठी आता बोटात शिरत नाही. शाळा मात्र रोज रात्री साडेनऊला, भांडी आवरली की, आमच्या जेवणाच्या टेबलावर भरते.

माझी बायको तालुक्याच्या गावापासून अकरा किलोमीटरवरच्या एका वाडीत शिक्षिका आहे. शाळा द्विशिक्षकी, पट २३. द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक असतात आणि त्यातला एक प्रशिक्षणाला गेलेला असतो. उरलेला चार वर्गांना शिकवतो, घंटा देतो, तांदळाच्या गोण्या मोजतो आणि मुख्याध्यापक म्हणून स्वतःच्याच रजेच्या अर्जावर शिफारस करतो. पण या शाळेत तिसराही एक कर्मचारी आहे. तो मंजूर पदांच्या संचमान्यतेत नाही, शालार्थच्या पगारपत्रकात नाही आणि या २६ जानेवारीपर्यंत शाळेची पायरी त्याने कधी चढलेली नव्हती. तो मी. मी एका पतसंस्थेत कारकून आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, एवढ्या एकाच पात्रतेवर माझी नेमणूक झाली. जाहिरात नाही, मुलाखत नाही, पवित्र पोर्टल नाही. एका रात्री बायको म्हणाली, "अहो, जरा बघता का? हे सबमिटच होत नाहीये." मी बघितलं. ते सबमिट झालं आणि मी कायम झालो.

आमची जमात मोठी आहे. बाईंचे नवरे, गुरुजींची कॉलेजातली मुलं, क्वचित एखादा हुशार भाचा. आठवडे बाजारात गाठ पडली की आम्ही एकमेकांची चौकशी करतो. "यू-डायस झालं का तुमचं?" "झालं हो, पण तीन अपार अडकलेत." शेजारी मेथीची जुडी निवडणारी बाई ऐकून हळहळते. तिला वाटतं, घरात काहीतरी दुखणं आहे.

कायद्याचं विचाराल तर शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा शिक्षकाच्या बाजूने आहे. त्याचं कलम २७ सांगतं की, जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक सोडली तर शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये. मी ते कलम बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. म्हणून तर तुम्ही भरताय." त्या कायद्यात शिक्षिकेच्या नवऱ्याविषयी कसलीच तरतूद नाही.

सुरुवातीला मला या प्रणालींच्या नावांचीच मोहिनी पडली. २०१५ साली राज्यात आली ती 'सरल'. नंतर केंद्राची 'दीक्षा' आली, मग 'निपुण' आलं आणि अलीकडे 'अपार'. मला वाटलं, कुणीतरी वेदशास्त्रसंपन्न गृहस्थ मंत्रालयात बसून नावं ठेवतायत. मग कळलं की हे सगळे इंग्रजी आद्याक्षरांचे गजरे आहेत. अर्धी ओळ लांबीचं इंग्रजी नाव घ्यायचं, त्याची पहिली अक्षरं अशी ओवायची की खाली संस्कृत शब्द पडावा. कौशल्य आहे, नाकारत नाही. परिणाम असा, की आमच्या शेजारच्या कीर्तनकारबुवांनी एकदा आमचं बोलणं ऐकलं. मार्ग सरल आहे, दीक्षा घेतली, मुलं निपुण होत आली, फक्त अपार गाठायचं राहिलंय. बुवा हात जोडून म्हणाले, "पोचलात तुम्ही दोघं." मी म्हटलं, "मोक्ष राहिलाय बुवा. पोर्टल आलं की तेही भरू, फक्त ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जाईल तेवढं कळायला हवं."

आता पहिलीतलं एक पोर बघा. दप्तर ढोपरापर्यंत, नाकाला बाही. निपुण भारतच्या हिशेबाने या पोराला वर्षअखेर ९९ पर्यंतचे आकडे वाचता-लिहिता यावेत. पण त्याच्या डोक्यावर काय आहे? आधार, १२ अंकी. सरलचा विद्यार्थी क्रमांक, १९ अंकी. यू-डायस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवरचा कायमचा शिक्षण क्रमांक, ११ अंकी. अपार, पुन्हा १२ अंकी. बेरीज ५४. २३ पोरांचे मिळून १२४२ अंक, आणि त्यातला एक जरी इकडचा तिकडे झाला तर रात्री दोन वाजता लाल अक्षरं मला उत्तर देतात. पूर्वी पोराला जनरल रजिस्टरचा एक नंबर असे आणि हजेरीचा एक. त्यातला हजेरीचा नंबरच पोराला ठाऊक असे, कारण तो त्याने स्वतः ओरडून सांगायचा असे.

पूर्वीच्या गुरुजींकडे आणखी एक अधिकार होता, ज्याचा मला आता हेवा वाटतो. ते जन्मतारीख देऊ शकत. बाप पोराला हाताला धरून आणी. "कधी झाला?" "त्या मोठ्या पावसात, गुरुजी." गुरुजी पोराकडे एकदा नीट बघत, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावत आणि रजिस्टरात लिहीत, १ जून. त्या दिवशी या महाराष्ट्रात किती जण जन्मले! माझे वडील, दोन्ही काका, आमच्या पतसंस्थेचे चेअरमन, सगळे १ जूनचे. त्या एका फटक्यावर माणसं नोकरीला लागली, निवृत्त झाली, पेन्शन खाऊन सुखाने गेली. आज शाळेच्या रजिस्टरातली तारीख आणि आधारवरची तारीख यांत एका दिवसाचा फरक पडला तर पोर शाळेत असतं, बाकावर असतं, खिचडी खात असतं, पण जुळत नाही. पटावर आहे, पडताळणीत नाही. आणि शाळेला किती शिक्षक मिळायचे ते या पडताळलेल्या पोरांवर ठरतं.

तारखेचं एक वेळ जमतं. नावाचं जमत नाही. आपल्या भाषेत 'ज्ञ' नावाचं एक देखणं अक्षर आहे. समजा मुलीचं नाव ज्ञानेश्वरी. बायको इंग्रजीत ते 'डी-एन-वाय'ने सुरू करते, कारण आपण मराठी माणसं. आधार काढणाऱ्याने 'जी-वाय' घातलं, कारण तो दिवसभर हिंदी बातम्या बघतो. जन्मदाखल्यावर 'जे-एन' आहे, कारण तिथला माणूस शिकलेला. ज्ञानेश्वरीला तीन भाऊबहिणी असल्यासारखं झालं. ज्ञानदेवांना पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगितलं होतं म्हणतात. सातशे वर्षांनी तीच परिस्थिती आहे, फक्त रेड्याऐवजी कॅप्चा बोलतो, आणि तोही वाचता येत नाही.

कामाचा हुकूम येतो तो आमच्या भागातल्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सकाळी सव्वासहाला गुलाबाचं फूल येतं, साडेसहाला सुविचार आणि सहा पस्तीसला फॉर्म. खाली ठरलेला मजकूर: अतितातडीचे, आज दुपारी दोनपर्यंत, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली, निरंक असल्यास निरंक कळवावे. केंद्रप्रमुखांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना तो तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून आलेला असतो, तिथे जिल्ह्यातून आणि जिल्ह्यात आणखी वरून. वरून निघताना त्याला आठ दिवसांची मुदत असते. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी झिजत तो वाडीत पोचतो, तेव्हा साडेसात तास उरलेले असतात.

निरंक हा शब्द मी या नोकरीत शिकलो. एकदा विचारणा आली, शाळेच्या आवारात विहीर आहे का, असल्यास कठडा आहे का. मी 'नाही' भरलं. उलट फोन आला, माहिती अपूर्ण आहे. बायकोने समजावलं, "अहो, 'नाही' म्हणजे तुम्ही माहिती दिली नाही. 'निरंक' म्हणजे माहिती दिली आणि ती नाही." मी थक्क झालो. शून्याचा शोध आपल्या देशात लागला तो उगीच नाही. आता आमच्या घरातही तोच शब्द चालतो. "भाजी आणलीत?" "निरंक." त्यावर खुलासा मागवला जातो.

शिवाय हे सगळं पेपरलेस आहे. पेपरलेस म्हणजे माहिती ऑनलाइन भरायची, तिची प्रिंट काढायची, प्रिंटवर सही-शिक्का मारायचा, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि मूळ कागद दोन प्रतींत गटसाधन केंद्रात नेऊन द्यायचा. तिथला माणूस तो कागद समोर ठेवून पुन्हा एक्सेलमध्ये भरतो. आमच्या शाळेला पूर्वी वर्षाला एक रीम पुरत असे. पेपरलेस झाल्यापासून तीन लागतात.

हजेरी मात्र जागेवरूनच, सकाळीच भरायची असते. त्यात माझी मदत चालत नाही. शाळेत रेंज नाही. रेंज आहे मारुतीच्या पारावर, तीही उत्तरेकडच्या कोपऱ्यात, फोन डोक्यावर धरला तर. सबब मुलं हजर आहेत हे कळवण्यासाठी बाई रोज दहा मिनिटं वर्गातून गैरहजर असतात. पारावर बसलेली म्हातारी मंडळी त्यांना जागा करून देतात. "आलं का ग काडी?" एखादी आजी विचारते. एक काडी आली की बाई श्वास रोखतात, दुसरी आली की बोट दाबतात, आणि वरचं चक्र गरागरा फिरायला लागतं.

तोवर इकडे खिचडीच्या मावशी वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहतात. त्यांच्याकडे ॲप नाही. त्या डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवतात आणि तांदूळ काढतात. नियम आहे पाचवीपर्यंतच्या पोराला १०० ग्रॅम, म्हणजे बावीस हजर असले तर २ किलो २०० ग्रॅम. मावशींचं माप तिथेच येतं. वर कोपऱ्यातल्या पोराला विचारतात, "का रे, तुझा भाऊ का नाही आला आज, ताप आहे का?" हा रकाना अजून कुठल्याही ॲपमध्ये मी पाहिलेला नाही.

वृक्षारोपणाचं सांगायचं राहिलं. २०२४ च्या पर्यावरण दिनापासून आईच्या नावाने झाड लावायची मोहीम देशभर निघाली. कल्पना गोड आहे. पोरांनी आयांना घेऊन रोपं लावली, खरंच लावली. त्याचे फोटो अपलोड करायचे होते. फोटो कसे? खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, सगळं छापून येणारे. सतरा फोटो चढवता चढवता रात्रीचे दोन वाजले आणि सकाळी बायकोचा पारावरून फोन आला की शेळ्यांनी कुंपणात शिरून सहा रोपं फस्त केली. शेळ्या अर्थातच पालकांच्याच. पण पोर्टलवर आजही सतरा झाडं उभी आहेत. त्यांना पाणी लागत नाही, शेळी लागत नाही. रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक आहे. जाऊन बघितलंत तर सहा ठिकाणी काडी आहे.

शाळेला पूर्वी तपासणी नव्हती असं नाही. आमचे आजोबा शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटींच्या गोष्टी सांगत. डिपोटी येणार म्हटलं की गाव आठ दिवस आधी हलायचं. भिंतीला चुना, पोरांची नखं, हुशार पोरं पुढे, मठ्ठ पोरं त्या दिवशी गुरं राखायला. डिपोटी यायचे, पाढे विचारायचे, पाटलाकडे जेवायचे, शेरेबुकात दोन ओळी लिहायचे आणि संध्याकाळी परत जायचे. या गोष्टीतला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. ते परत जायचे. आता डिपोटी बायकोच्या पर्समध्ये राहतात. रविवारी सकाळी, हळदीकुंकवात, एकदा तर स्मशानातून येताना कंप पावले. त्यांना चार्जिंगही आपणच करायचं.

सगळी सॉफ्टवेअरं वाईट, असं मी म्हणणार नाही. माझं पोट त्यावरच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले. पोराने फोन धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा. त्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तेही जिल्हा परिषदेचेच गुरुजी आणि तोही साधा मोबाइलच. पण त्या कोडचं तोंड पोराकडे होतं. आमच्या टेबलावर रात्री जे उघडतं त्याचं तोंड तालुक्याकडे असतं, तालुक्याचं जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याचं आणखी वर. पोराकडे सगळ्यांची पाठ आहे.

आता माझ्या हातून घडलेला गुन्हा. निकालाच्या दिवसांत तालुक्यात एक एक्सेल शीट फिरते. कुणा तंत्रस्नेही शिक्षकाने बनवलेली, सगळ्या तालुक्याने वापरलेली. तिच्यात गुण भरले की श्रेणी आपोआप येते आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदीही निवडता येतात. नोंदींची यादी तयारच असते. परिसर स्वच्छ ठेवतो. गटात मिसळतो. दिलेली जबाबदारी पार पाडतो. मुलीचं नाव असलं की 'तो'चं 'ते' शीट स्वतः करते, फक्त लिंगाचा रकाना बरोबर हवा. बायकोला ताप होता. ती पडल्या पडल्या म्हणाली, "नोंदी मी उद्या सांगते एकेकाच्या." पण मुदत आजची होती. मी एकाही पोराला ओळखत नव्हतो. तरी वाढप्यासारखा बसलो, याला एक, त्याला दोन. चौदा नंबरला आलो. नाव असं, की मुलाचंही असतं आणि मुलीचंही. वरच्या ओळीत मुलगा होता, मी चौकट धरून खाली ओढली. नोंद निवडली: स्वतःहून प्रश्न विचारतो. मग तीच शीट बघून पोर्टल भरलं आणि अंतिम केलं. कुलूप लागलं.

प्रगतिपुस्तक घरी गेलं. दुसऱ्या दिवशी चौदा नंबरची आई शाळेत आली. "बाई, नोंद खरी हाय. पन आमची पोरगी विचारतो कशी?"

बायको त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. मी तिला सॉरी म्हटलं, तर म्हणाली, "लेखी द्या."

कुलूप काढायला अर्ज लागतो, तो तीन प्रतींत, सोबत जनरल रजिस्टरचा उतारा, मुख्याध्यापकाचा दाखला आणि चूक का झाली याचा खुलासा. खुलासा मीच लिहिला. 'सदर चूक घाईत व अनवधानाने झाली असून यात शाळेचा कोणताही हेतू नाही.' खाली सही बायकोची.

या २६ जानेवारीला मी पहिल्यांदा शाळेत गेलो. फोटो काढायला कुणी नव्हतं आणि जिलेबीचं खोकं स्कूटीवर मावत नव्हतं. झेंडा फडकला. बावीस पोरं बेंबीच्या देठापासून गात होती. मी अक्षांश-रेखांशासह फोटो घेत होतो. मनात एकेक ओळ जुळवत होतो, हा बहुतेक सात, हा अकरा, याच्या आधारमधली तारीख मीच दुरुस्त करून घेतली. पण ओळखता कुणीच येईना. ५४ अंकांमध्ये कुणाच्या गालाला खळी आहे, कोण तोतरं बोलतं, कोण दुसऱ्याची जिलेबी धाकट्या बहिणीसाठी मागून घेतं, यातलं काहीच नव्हतं.

जिलेबी संपत आली तेव्हा दोन वेण्यांची, लाल रिबिनींची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पाकाची बोटं चाटून झाली आणि मग वर बघून म्हणाली, "तुमीच बाईंचे आपरेटर?"

"हो."

"मग मला मुलगा का केलं?"

मागे बायको पदराने तोंड दाबून उभी होती. माझ्यापाशी खुलासा होता, तीन प्रतींतला. तो काही मला देववला नाही. मी खोक्यातली शेवटची जिलेबी तिला दिली. ती तिने घेतली, पण उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.

डोळे मिटून भरलेल्या माझ्या सगळ्या नोंदींत ती एक नोंद खरी निघाली. अर्जाचं विचाराल तर तो पुढे पाठवला आहे. पोर्टलवर ती अजून मुलगाच आहे.